दगडावरचा अँब्रोज

हेदरक्लफ, लँकेशायर
२ मार्च १९६४

अँब्रोज,

पाकिटावर नेहमीसारखं ‘विल्फ्रिड स्वारब्रिक’ असंच लिहिलं आहे. नाहीतर तुमचा पोस्टमन या नावाचं इथे कोणी राहत नाही म्हणून पत्र परत पाठवायचा. आत मात्र तुझं खरं नाव घातलं आहे. तू ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

नोरीनचं पार्सल शनिवारी आलं. शेजारच्या मिसेस बॅम्बरनी लगेच कुंपणावरून मान काढली. “काय गं हिल्डा, कांगारू पाठवला की काय भावाने?” मी म्हटलं, कांगारू असता तर उडी मारून स्वतःच आला असता, पोस्टाचा त्रास वाचला असता. हसत हसतच दार लावलं. आत येऊन पार्सल उघडलं आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

तुझी मुलगी गुणी आहे. तिने काय पाठवलं ते तिला ठाऊकच नाही. तिची चिठ्ठी अशी: “आत्या, डॅडी आता आमच्याकडे राहायला येणार, म्हणून त्यांची शेड आवरली. बिस्किटांच्या डब्यात हे बंद पाकीट सापडलं. अक्षर आजीचं असेल असं वाटलं. डॅडींना विचारलं नाही, हल्ली ते पटकन चिडतात. तुम्हाला आजीची आठवण म्हणून पाठवते.”

आईचंच अक्षर. उजवीकडे कललेलं, प्रत्येक शब्दाला वारा लागल्यासारखं. पत्ता लंडनच्या युद्ध कार्यालयाचा. कोपऱ्यात जुन्या राजाचं तांबडं तिकीट, आणि तिकिटावर शिक्का नाही. पाकीट कधी पेटीत पडलंच नाही.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी लिहून काढणार, म्हणजे ते तुझ्या टेबलावर कागदावर पडून राहील.

१९१५च्या एप्रिलमध्ये आपला विल्फ साडेपंधरा वर्षांचा होता. पहिल्यांदा स्वतःच्या नावाने भरतीला गेला, तेव्हा सार्जंटने त्याच्या गालावर बोट फिरवून “आधी वस्तऱ्याची गरज पडू दे, मग ये” म्हणत हाकलला. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या गावात गेला, तुझा बाप्तिस्म्याचा दाखला खिशात घालून. दाखला तू दिलास. तेव्हा तू एकोणीस संपवून विसाव्यात होतास, आणि रस्त्यावरच्या पोरी तुझ्या वयाच्या मुलांच्या कोटात भ्याडपणाची खूण म्हणून पांढरी पिसं खोचत होत्या. विल्फ ‘अँब्रोज’ होऊन सैन्यात गेला, तू ‘विल्फ्रिड’ होऊन बॅरोच्या गोदीत कामाला गेलास. सक्तीची भरती आली तेव्हा कागदावर तू सोळाचा पोरगा होतास. गल्लीतल्या चार घरांना हे ठाऊक होतं. आपली गल्ली सरकारला कधी वेळ काय झाली तेसुद्धा सांगत नसे. ती चारही घरं आता पाडली, माणसं तर त्याच्या आधीच गेली.

विल्फची पत्रं अधिकारी वाचत, म्हणून तो खाली ‘तुमचा अँब्रोज’ असं लिही, आणि शेजारी, घरी कबुतरं पाळायचा म्हणून, एक छोटं कबुतर काढी, म्हणजे आपल्याला कळावं की हा आपलाच. १९१६च्या ईस्टरला त्याने लिहिलं की पुरे झालं, आता घरी यायचंय. सार्जंट सांगतो, आईने जन्माचा दाखला पाठवला की कमी वयाच्या मुलांना सोडतात. आईने त्याच आठवड्यात पत्र लिहिलं, दाखला आत घातला आणि पाकीट चिकटवून तुझ्याकडे टाकायला दिलं.

ऑगस्टमध्ये सोमच्या लढाईत तो गेला. सोळा वर्षं, दहा महिने. सैन्याच्या छापील कागदावर मेलेल्याचं नाव होतं अँब्रोज, आणि तू स्वयंपाकघरात उभा राहून तो कागद वाचलास. चर्चच्या भिंतीवरच्या दगडावरही सैन्याच्या यादीवरून तेच नाव कोरलं गेलं. आई म्हणाली, राहू द्या, नाहीतर एक गेला तो गेलाच, दुसऱ्याला तुरुंगात टाकतील. मरताना तिने माझ्याकडून वचन घेतलं. मी ते पाळलं. दर नोव्हेंबरला मृतांच्या यादीत मी स्वतःच्या हाताने ‘अँब्रोज स्वारब्रिक’ लिहिते. ती यादी वेदीवर ठेवतात आणि महिनाभर फादर तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा करतात. तू तिकडे जेवून ढेकर देत असतोस.

आई आयुष्यभर त्या युद्ध कार्यालयाला शिव्या देत राहिली. “माझ्या पत्राला त्यांनी चुलीत घातलं,” म्हणायची. मीही तेच मानत आले.

आता काय हवं ते सांगते. काजळीने दगडावरची नावं खाल्ली आहेत. पाथरवट वरचा थर तासून सगळी नावं नव्याने कोरणार आहे, नोव्हेंबरच्या स्मृतिरविवारच्या आत. नाव बदलायचं तर ही एकच संधी. तू तिथल्या दंडाधिकाऱ्यासमोर सही करून लिहून दे, की अँब्रोज मी आहे आणि दगडावरचा मुलगा विल्फ्रिड आहे. एवढंच. पाकिटाचा जाब मी मागत नाही.

हिल्डा


६ एप्रिल १९६४

अँब्रोज,

तुझं पत्र मिळालं. “गेलेली मढी उकरून कोणाचं भलं झालंय?” हे तू लिहिलंस. मढं उकरायला ते पुरलेलं तरी असावं लागतं. आपल्या भावाचं मढं कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. त्याला उभ्या पृथ्वीवर जागा आहे ती चर्चच्या भिंतीवरची बोटभर रुंदीची एक ओळ, आणि तिथे तू बसला आहेस.

सही केली तर मुलांपुढे मान खाली जाईल, म्हणतोस. “माझ्या नातवंडांची नावंसुद्धा विल्फ्रिडवरून ठेवली आहेत, हिल्डे, थोडा विचार कर.” केला. पोरांना दोष नाही, नाव चांगलं आहे. आणि “मी काही केलं नाही” हे वाक्य तू तीनदा लिहिलंस. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर परपेचुआ आम्हाला दोन प्रकारची पापं शिकवत, केल्याचं आणि न केल्याचं. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण मला तेव्हा कधी सुचत नसे, वर्गात उभी राहायची वेळ यायची. आता सुचलं असतं.

तू न टाकलेल्या पाकिटाचं कारणही लिहिलंस, तेवढा प्रामाणिकपणा केलास. विल्फचं खरं वय उघड झालं असतं तर खरा अँब्रोज कुठे आहे हे विचारायला ते आले असते, आणि तुला जावं लागलं असतं. “मला वाटलं, दोन-चार आठवडे थांबू. लढाई संपेल, मग टाकू.” तो तिकडे वाट बघत होता. जुलैमधलं त्याचं पत्र माझ्यासमोर आहे. “अजून काही कळलं नाही. आईला विचार, टाकलं ना नक्की? निळ्या कबुतरीने अंडी घातली का?” त्याला उत्तर मी लिहिलं होतं, आईचा हात भाजला होता म्हणून. मी लिहिलं, हो, टाकलं, आणि कबुतरीने दोन घातली.

शेवटी तू लिहितोस: “पाकीट आईने मला दिलं नव्हतं. कोणी दिलं ते आठव.”

कोणी दिलं हा मुद्दा नाही. ते कोणाच्या डब्यात सापडलं हा मुद्दा आहे.

कालच फादर लोमॅक्सना भेटून आले. नवे आहेत, पन्नाशीचे, सायकलवरून फिरतात. शाळेत माझ्याच हाताखाली शिकलेल्या निम्म्या गावाने त्यांना माझ्याबद्दल आधीच घाबरवून ठेवलं आहे. म्हणाले, “मिस स्वारब्रिक, दगडावरचं नाव म्हणजे फळ्यावरचं नाही हो, ओल्या फडक्याने पुसायला.”

“फळ्यावरचं चुकलेलंही मी कधी तसंच ठेवलं नाही, फादर.”

“पण पुरावा? कागदोपत्री तुमचा विल्फ्रिड क्वीन्सलंडला मजेत आहे. मेलेल्याला जिवंत आणि जिवंताला मेलेला मी कशावरून करू? तुमच्या भावाने स्वतः लिहून द्यायला हवं.”

“देईल,” मी म्हटलं.

मी शब्द देऊन आले आहे. मला खोटं पाडू नकोस.

हिल्डा


११ मे १९६४

नोरीनने कात्रण पाठवलं. तुमच्या गावच्या वर्तमानपत्राचं, २५ एप्रिलच्या, तिकडच्या सैनिक-स्मृतिदिनाच्या संचलनाचं. “आत्या, बघा, डॅडींचा फोटो पहिल्या पानावर!”

बघितला. छाती काढून चालतो आहेस. नातेवाइकांनी मेलेल्याची पदकं उजव्या बाजूला लावायची असतात, एवढं मलासुद्धा माहीत आहे. तुझ्या डाव्या बाजूला आहेत. ती पदकं ऑस्ट्रेलियाला जाताना तू आईच्या पेटीतून मागून नेलीस. “मला त्याची आठवण राहू दे” म्हणालास, आणि आईने रडत दिली.

खाली मजकूर आहे. पंधराव्या वर्षी थोरल्या भावाच्या नावाने सैन्यात गेलेला मुलगा, विल्फ्रिड स्वारब्रिक. म्हणून पदकांच्या कडेवर ‘ए. स्वारब्रिक’ कोरलंय, असं तू वार्ताहराला हसून सांगितलंस. गालावर बोट फिरवणारा सार्जंटसुद्धा सांगितलास. पत्राखालचं कबुतरसुद्धा. “मला घरी जायचं होतं, पण आईचं पत्र वाटेत कुठे हरवलं कोण जाणे,” असं छापलं आहे, अवतरणचिन्हात. आणि थोरला भाऊ? तो म्हणे छातीच्या दुखण्याने घरीच वारला, बिचारा.

हे तू माझं पहिलं पत्र मिळाल्यानंतर सांगितलंस. दुसरंही मिळाल्यानंतर.

तू त्याचं नाव घेतलंस तेव्हा तो स्वतःच देऊन गेला होता. त्याचं वय घेतलंस, ते आपण सगळ्यांनी मिळून दिलं. पण कबुतर, अँब्रोज? ते तुला काढतासुद्धा येत नसे. तू काढायचास ते बदक दिसायचं.

इतकी वर्षं दर नाताळला मी तुला लोकरीचे मोजे विणून पाठवले. ऑस्ट्रेलियात. उन्हाळ्यात. आणि तू आभार मानायचास. मला वाटायचं, एकच भाऊ उरलाय, त्याच्याही मनावर ते ओझं आहे, त्याला दुखवायला नको. आईसुद्धा हेच समजत गेली.

सहीची वाट बघत नाही.

हि.


९ नोव्हेंबर १९६४

अँब्रोज,

तू उन्हाळ्यात दोन पत्रं पाठवलीस. वाचली. दुसऱ्यात रडलास, तेही वाचलं. सही एकातही नव्हती.

दगडाचं काय झालं ते सांगते. त्याआधी एक गोष्ट, जी तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि जी मी एप्रिलमध्ये टाळली.

मे महिन्याचा पहिला रविवार, १९१६. मेरीमातेच्या पुतळ्याला फुलांचा मुकुट घालायची मिरवणूक. त्या वर्षी मुकुटाची उशी धरायला सिस्टर परपेचुआंनी मला निवडलं होतं. तेराव्या वर्षी एवढा मान मला पुन्हा कधी मिळणार नव्हता, आणि मिळालाही नाही. पांढरा झगा, पांढरे हातमोजे. आईने मला दारात थांबवलं आणि पाकीट हातात दिलं. “तू टाक. स्वतःच्या हाताने पेटीत टाक. कोणाला देऊ नकोस. अँब्रोजलासुद्धा नाही, कळलं ना?” तिने तुझं नाव घेतलं होतं. तिला तेव्हाच शंका होती.

पेटी नाक्यावर, गिरणीच्या भिंतीला लागून. धुराड्याची काजळी तिच्या तोंडावर बोटभर जाड. मी तिथे उभी राहिले. पलीकडे बँड सुरू झाला होता. तू बॅरोहून सुट्टीला आला होतास, भिंतीला टेकून सिगारेट ओढत होतास.

“काय गं, महाराणी, अडलीस का?”

“हातमोजे काळे होतील.”

“वेडी आहेस. असले हात घेऊन मेरीमातेला मुकुट घालणार? आण इकडे. पळ, तुझी उशी दुसरीच पोरगी पळवेल.”

मी दिलं. परत आल्यावर आईने विचारलं, टाकलंस? मी म्हटलं, हो. स्वतःच्या हाताने? हो. जुलैत विल्फने विचारलं तेव्हाही हो. ऑगस्टमध्ये तो छापील कागद आला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, “मी टाकलं होतं हं, हिल्डे.” मी विश्वास ठेवला, कारण ठेवला नसता तर मला आईपुढे उभं राहावं लागलं असतं. तू खोटं बोललास. मला ते हवं होतं, म्हणून मी ते जपलं. आई बावीस वर्षं माझ्याच घरात राहून सरकारला शिव्याशाप देत मेली, आणि मी तिला चहा करून देत होते.

हे मी तुला मार्चमध्ये सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

या ऑगस्टमध्ये मी बंद पाकीट घेऊन फादर लोमॅक्सकडे गेले. सही येणार नाही म्हणून सांगितलं, आणि हे त्यांच्यासमोर उघडायचं आहे म्हटलं. त्यांनी कागद कापायची सुरी दिली. आत विल्फचा जन्माचा दाखला आणि आईचं पत्र. मी वाचू शकले नाही, त्यांनी वाचलं.

“महाशय, तुमच्याकडे जो अँब्रोज स्वारब्रिक आहे तो माझा धाकटा मुलगा विल्फ्रिड आहे, वय सोळा. चूक आमची आहे, त्याला शिक्षा करू नका. तो उंच आहे म्हणून मोठा वाटतो. पण तो अजून झोपेत बोलतो आणि एकदा जागा झाला की पुन्हा लवकर झोपत नाही, तर रात्रीच्या पहाऱ्याला शक्यतो ठेवू नये. थोरला कुठे आहे ते विचारलंत तर मी सांगीन. कृपा करून पाठवून द्या.”

अँब्रोज, ती तुझं नाव सांगायला तयार होती. दोघांतला एकच वाचवता येत होता, आणि तिने निवड केली होती. ती तिने केलेली निवड आपण दोघांनी तिच्यापासून लपवून ठेवली.

फादरनी चष्मा काढला. “मिस स्वारब्रिक, हे पत्र पुरेसं आहे. पण चर्चची समिती एकच विचारणार. हे टपालात का गेलं नाही?”

“कारण माझे हातमोजे पांढरे होते,” मी म्हटलं.

मग बसून सगळं लिहिलं, सही केली. आपल्याकडची रीत तुला आठवत असेल. लग्नाची सूचना जशी तीन रविवार व्यासपीठावरून वाचतात, कोणाची हरकत असेल तर उठून सांगा म्हणून, तशी ही वाचायची असं समितीने ठरवलं. तीन रविवार माझ्या सहीचा कागद वाचला गेला. मी दर वेळी नेहमीच्याच बाकावर बसले, पुढून तिसऱ्या. समोर, मागे, सगळे माझे विद्यार्थी. खोटं बोललं म्हणून ज्यांना मी कोपऱ्यात उभं केलं होतं, ते आता नातवंडं मांडीवर घेऊन ऐकत होते.

पहिल्या रविवारी बाहेर आल्यावर सगळे भराभर घरी गेले. दुसऱ्या रविवारी फक्त मिसेस बॅम्बर म्हणाल्या, “हिल्डा, तू आयुष्यभर आम्हाला सरळ बसायला सांगितलंस. आज तू स्वतः वाकलेली दिसलीस.” मी म्हटलं, खरं आहे. तिसऱ्या रविवारी फादरनी विचारलं, हरकत? कोणी उठलं नाही.

काल स्मृतिरविवार झाला. पाथरवटाने छान काम केलं आहे, अक्षरं खोल आहेत. ‘विल्फ्रिड स्वारब्रिक, वय १६’. वय फक्त त्याच्याच नावापुढे आहे, तेवढं मी मागून घेतलं. पाऊस पडून गेला होता, अक्षरांत पाणी साठलं होतं. मी हातमोजे काढून ते बोटाने निपटलं.

नोरीनला मी या सगळ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. दगडाचा फोटो मात्र आजच पाठवते आहे. ती हुशार आहे, विचारील. तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू बघ. पदकं विल्फची आहेत. तुझ्यानंतर ती चर्चकडे यावीत, असं मी तिला वेगळ्या पत्रात लिहीन, तू आधी बोलला नाहीस तर.

या महिन्याच्या यादीत मी पहिल्यांदा विल्फचं नाव लिहिलं. वेदीवर ते आता आहे. तुझं काढलं. अठ्ठेचाळीस वर्षं या गावाने तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थना केली, आणि तू जिवंत होतास. खरोखर मरशील तेव्हा त्याच पुरवून घे. माझ्याकडून आणखी होणार नाहीत. माझ्यासाठी कोण करील ते मला माहीत नाही.

यंदा मोजे विणलेले नाहीत.

मिसेस बॅम्बर पोस्टाकडेच निघाल्या आहेत. आत्ताच दारात येऊन म्हणाल्या, “दे इकडे, मी टाकते, बाहेर गारठा आहे.” मी नको म्हटलं. कोट घालते आहे. जुनी पेटी अजून त्याच नाक्यावर आहे.

हिल्डा